स्पोर्ट्स कार खोलणे (घरगुती पुनर्बांधणीसाठी)

अनेक वर्षे पडून राहिलेली जुनी स्पोर्ट्स कार घरच्या घरी पुन्हा उभी करण्याआधी तिचे सर्व भाग क्रमाने उतरवण्याचे काम. नेहमीच्या दुरुस्तीत बिघडलेला भाग तेवढा काढला जातो. येथे मात्र इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, वायरिंग, काचा आणि सीट असे सगळेच सुटे होते आणि गाडीत खरोखर काय उरले आहे ते तेव्हाच कळते. खोलणे काही आठवड्यांत उरकते, जोडणी मात्र वर्षानुवर्षे रेंगाळते. त्यामुळे नोंदी न ठेवता खोललेली गाडी बहुधा पोत्यांत आणि डब्यांतच राहते व शेवटी तशीच विकली जाते.

या प्रकारच्या बहुतेक गाड्या ब्रिटिश बनावटीच्या आहेत. १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजी कंपनीची एमजीबी आणि ट्रायम्फ कंपनीची स्पिटफायर ही त्यांतली ठळक उदाहरणे होत. स्पिटफायर ज्या ट्रायम्फ हेराल्डवरून बेतली गेली, तीच हेराल्ड मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने भारतात बनवली. त्यामुळे तिच्यावर हात बसलेल्या जुन्या मिस्त्रीला स्पिटफायरची ठेवण अगदीच परकी वाटत नाही.

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, कोकणासारखी खारी हवा नसल्याने पत्रा तुलनेने टिकतो. हानी होते ती वेगळ्या वाटेने. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जात असल्याने रबरी होज, बुश आणि दरवाजांच्या पट्ट्या कडक होऊन तडकतात. मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यांत बसलेली काळी माती पावसाळ्यात ओल धरून ठेवते, म्हणून वरून धड दिसणारा पत्रा आतून कुजलेला निघतो. कुंभारीण माशी पेट्रोलच्या उघड्या नळीत मातीचे घर करते. एमजीच्या टी मालिकेतील गाड्यांच्या बॉडीला आतून लाकडी सांगाडा असतो, आणि शेतावरच्या शेडमध्ये ठेवलेल्या अशा गाडीत वाळवी लागली आहे का, हे गंजाच्याही आधी पाहावे लागते.

काम कोबा केलेल्या जमिनीवरच करावे. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून मऊ होते, त्यामुळे तिच्यावर ठेवलेली घोडी (गाडी टेकवण्याचा लोखंडी स्टँड) खचते. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर टेकवलेल्या गाडीखाली तर शिरूच नये. प्रथम बॅटरीची जोडणी सोडवतात, मग टाकीतले पेट्रोल काढतात. रिकाम्या टाकीतली वाफही पेट घेते, म्हणून टाकी उतरवेपर्यंत जवळपास गॅसकटर चालवू नये. जुन्या ब्रेकलायनिंगमध्ये बहुधा फुप्फुसांना घातक असे अ‍ॅस्बेस्टॉस असते. ड्रममधली भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची गॅरेजमधली सवय येथे सोडून ओल्या फडक्याने ती पुसून काढावी.

सर्वाधिक नुकसान पान्यांमुळे होते. या गाड्यांचे बहुतेक नट-बोल्ट इंची मापाचे आहेत, तर आजच्या गॅरेजमधले पाने मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३ चा पाना बसतो, पण सैल बसतो, आणि जाम बोल्टवर जोर दिला की डोक्याचे कोपरे घासून गोल होतात. याहून जुन्या, १९५० च्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या गाड्यांत बऱ्याचदा व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे पाने लागतात. गंजलेला बोल्ट तारेच्या ब्रशने साफ करून त्यावर डिझेल किंवा पातळ ऑइल सोडावे, रात्रभर तसाच ठेवावा आणि तरीही न हलल्यास नट गरम करावा. तारांच्या चाकांचा मधला नट तर दिशेमुळे फसवतो: डाव्या बाजूचा नट नेहमीप्रमाणे घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो, उजव्या बाजूचा मात्र घड्याळाच्या दिशेने. हे माहीत नसताना घण मारत राहिले, तर तो अधिकच आवळला जातो.

एमजीबीला स्वतंत्र चेसिस नाही. दरवाजांखालचे पोकळ पत्र्याचे सिल हाच तिचा कणा आहे. स्पिटफायरची बॉडी चेसिसवर बोल्टने बसवलेली असली, तरी तिचेही सिल भार घेतात. म्हणून कुजलेला सिल कापण्यापूर्वी किंवा बॉडी चेनकप्पीने उचलण्यापूर्वी दरवाजाच्या मोकळ्या चौकटीत लोखंडी आडणी (आडवा आधार) वेल्ड करावी. तसे न केल्यास छत नसलेली ही बॉडी मध्ये वाकते आणि नंतर कोणताही दरवाजा नीट बसत नाही.

या गाड्यांतल्या लुकास कंपनीच्या वायरिंगमध्ये तपकिरी तार कायम चालू, पांढरी इग्निशनची, हिरवी त्यापुढे फ्यूजमधून आलेली आणि काळी अर्थिंगची असते. पण जुन्या तारांचे रंग ओळखू येतीलच असे नाही, म्हणून जोड सोडण्याआधी प्रत्येक टोकाला खूण बांधावी. कागदी चिठ्ठ्या उंदीर कुरतडतात, तेव्हा पत्र्याच्या तुकड्यावर ठोकलेले आकडे बरे. निकामी झालेला भागही टाकू नये. जिनिंगची यंत्रे आणि शेतीपंप यांची कामे करणाऱ्या लेथवाल्यांकडून बुश, पिन किंवा वायसर करून घेता येतात, मात्र त्यांना हातात नमुना लागतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि मोठे फेरफार न केलेल्या वाहनांची ‘व्हीए’ अक्षरे असलेल्या क्रमांकाखाली विंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. त्यासाठी चेसिस आणि इंजिनचे क्रमांक वाचता येणे आवश्यक असल्याने, गाडी डेंटर-पेंटरच्या ग्राइंडरखाली जाण्यापूर्वी त्या क्रमांकांचे पेन्सिलने ठसे व छायाचित्रे घ्यावीत आणि सुटी होणारी क्रमांकपट्टी काढून आरसी बुकाबरोबर ठेवावी.