मालेगावचा सुपरमॅन आणि उपेक्षित राहिलेला त्याचा नट : पार्श्वभूमी

मालेगाव खान्देशातून नाशिक जिल्ह्यात गेलं ते १८६९ साली, नवा जिल्हा आखताना. बाजार आणि आसपासच्या गावांतली अहिराणी त्यानंतरही धुळ्याशी जोडलेलीच राहिली, त्यामुळे हॉलिवूडच्या ‘सुपरमॅन’चं गावठी विडंबन असलेला ‘मालेगाव का सुपरमॅन’ हा खान्देशचाच चित्रपट आहे. एकोणिसाव्या शतकात उत्तरेतून आलेले विणकर, पुढे आलेले यंत्रमाग, शुक्रवारची सुट्टी आणि त्या दिवशी भरून वाहणारे व्हिडिओ पार्लर या सगळ्यांतून गावातल्या गावात विडंबनपट काढण्याची परंपरा उभी राहिली.

या परंपरेची खरी सुरुवात २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ने झाली. सुमारे ५० हजारांत, गावातलीच माणसं घेऊन केलेल्या या विडंबनात डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर आले. नट निवडण्याचा निकष सरळ होता: मूळ ताऱ्यासारखा दिसतो तो घ्यायचा. चेहऱ्यातल्या साम्यावर निम्मं हसू मिळायचं, उरलेलं संवादांवर. हा निकष पुढेही बराच काळ चालला.

‘सुपरमॅन’च्या वेळी दिग्दर्शक नासिर शेख यांनी तो मोडला आणि वाद आहे तो याच निर्णयाचा. पिळदार शरीराचा कोणी न शोधता त्यांनी मागावर काम करणारा एक हडकुळा, लाजाळू तरुण, शफीक शेख, उभा केला. निळा अंगरखा, लाल चड्डी, तिची बाहेर लोंबणारी नाडी. हा नट निव्वळ अंगकाठीमुळे चालला, हसू कपड्यांना आलं, त्याने वेगळं काही केलं नाही, असं तेव्हापासून म्हटलं जातं. चित्रपटावर लिहिणारेसुद्धा बहुतेक करून बैलगाडीची क्रेन आणि सायकलची ट्रॉली यांच्या कौतुकातच रमतात. जुगाड दिसतो, नट दिसत नाही.

हे मत मला मान्य नाही. बारीक माणसाला वीराचे कपडे घातले की पहिलं हसू फुकट येतं, पण ते पहिल्या प्रसंगापुरतंच. त्यानंतर नटाने एकदा जरी प्रेक्षकांकडे बघून दात काढले असते तरी सगळं गल्लीतल्या सोंगावर आलं असतं. हा माणूस तसं करत नाही. आडवा टांगून उडवतात तेव्हाही त्याच्या चेहऱ्यावर कर्तव्याला निघाल्याचा भाव असतो. आपल्या ताकदीवर त्याचा पूर्ण विश्वास आहे आणि शरीर मात्र साथ देत नाही, हे तो डोळे आणि खांदे यांतून सांगतो. शब्द फार कमी वापरतो. समोरचा खलनायक घाणीचा आणि तंबाखूचा भोक्ता, आरडाओरडा करणारा. त्याच्यासमोर इतकं शांत राहणं अवघड असतं. मूकपटांच्या काळातल्या थोर विनोदवीरांनी जे केलं, ते याने कुठल्याही तालमीशिवाय साधलं.

चित्रीकरण सुरू असतानाच या चित्रपटावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट बनत होता. कॅमेरा पाण्यात पडला, मध्येच नायकाचं लग्न निघालं, हे सगळं त्यात आहे. २००८ साली तो माहितीपट पूर्ण झाला, देशोदेशीच्या महोत्सवांत गाजला आणि २०१२ मध्ये भारतातल्या चित्रपटगृहांत लागला. याच वळणावर एक अन्याय झाला. जगाने मालेगावचं वेड पाहिलं, पण मूळ चित्रपट फारसा कोणी पाहिला नाही. त्यामुळे नटाची ओळखही माहितीपटातला एक भाबडा, गोड माणूस एवढीच उरली. तोंडाच्या कर्करोगाने तो २०११ मध्ये गेला होता. पडद्यावर तंबाखूशी लढलेला हा माणूस त्याच कारणाने जावा, याची हळहळ मालेगावात अजून आहे.

मधल्या काळात विडंबनं मागे पडली. खान्देशी कॉमेडीच्या नावाने आधी सीडी-तबकड्या आणि मग यूट्यूबवरचे छोटे प्रसंग आले. ते कोट्यवधी वेळा पाहिले गेले. त्यांची चाल वेगळी, आवाज वरचा. २०२५ च्या फेब्रुवारीत याच मंडळींवरचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपट चित्रपटगृहांत आला, त्यात या नटाची भूमिका मुंबईच्या व्यावसायिक अभिनेत्याने मनापासून केली. मात्र त्या चित्रपटाचा भर मैत्रीवर आणि आजारपणावर आहे. मूळ चित्रपटातला उडण्याचा एक अख्खा प्रसंग तोडमोड न करता दाखवला असता, तर नव्या प्रेक्षकाला या नटाचं काम स्वतः पारखता आलं असतं.