वापरलेली बंदूक विकताना-घेताना: ४५ दिवस नेमके कधीपासून?

दोन परवानाधारकांना आपसात बंदूक विकता-घेता येते, त्यासाठी दुकानदाराचा परवाना लागत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्येच तशी सवलत आहे. तरी व्यवहार अडकतात, आणि बहुतेक अडकतात ते ४५ दिवसांच्या अटीवर.

विकणाऱ्याने आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा आणि त्यानंतर किमान ४५ दिवस बंदूक हातची सोडायची नाही. लोक हे दिवस इसार दिल्यापासून मोजतात. मोजायचे असतात ते पत्र दाखल झाल्यापासून. "ठेवून जा, साहेब आले की बघतील" असं कुणी म्हटलं तरी आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. पोच नसेल तर पुढे तुमचा शब्द कुणी धरत नाही. मधेच गिऱ्हाईक बदललं तर नव्या नावाने पत्र द्या आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. कलमात फक्त 'कळवणं' आहे, तरी बरीच कार्यालयं ना-हरकत मागतात. हे माणसाला विनाकारण पळवणं आहे. पण मागितलीच तर ती लेखीच घ्या.

घेणाऱ्याचं मूळ लायसन्स डोळ्यांनी पाहा, मोबाइलवरचा फोटो चालवून घेऊ नका. मुदत चालू आहे का, यूआयएन (परवानाधारकाचा विशिष्ट ओळख क्रमांक) आहे का, बंदुकीचा प्रकार जुळतो का, त्याच्या लायसन्सवर आणखी एका शस्त्राला जागा आहे का? २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. खात्री न करता बंदूक दिली तर कलम २९ खाली देणाराही अडकतो.

पत्र लिहिण्याआधी बंदुकीवरचा नंबर लायसन्सशी ताडून घ्या. एका जुन्या दुनळीवर गंजाखाली ३ होता, लायसन्सवर कारकुनाने ८ उतरवला होता. वर्षानुवर्षं नूतनीकरण होत गेलं, कुणी पाहिलं नाही, आणि विक्रीच्या दिवशी सगळं थांबलं. अशी चूक आधी दुरुस्त करून घ्या.

वडिलांच्या माघारी घरात राहिलेली बंदूक हा सगळ्यात नाजूक मामला. लायसन्स त्यांच्या नावाचं होतं, ते वारसाकडे आपोआप येत नाही. ती कपाटात ठेवून गिऱ्हाईक शोधत बसू नका. आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती जपा. कलम २१ प्रमाणे वारसाला जमा केलेली बंदूक पात्र माणसाला विकता येते आणि पैसेही त्यालाच मिळतात, मात्र ठरलेल्या मुदतीत. मुदत उलटली तर ती सरकारजमा होते. मृत्यूचा दाखला असतो सगळ्यांकडे. अडतं ते वारस दाखल्यावर आणि बाकीच्या भावंडांच्या संमतीपत्रांवर. लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही विसरू नका.

व्यवहार झाल्यावर दोघांनीही परवाना कार्यालयात जायचं: जिल्ह्यात जिल्हाधिकारी, पुणे-ठाणे-नागपूरसारख्या आयुक्तालयात पोलीस आयुक्त. एकाच्या लायसन्सवर नोंद चढते, दुसऱ्याच्या लायसन्सवरून उतरते. ही दुसरी नोंद विकणारे हटकून विसरतात, आणि निवडणुकीत शस्त्र जमा करायची नोटीस त्यांच्याच दारात येते.