झटके येणं आणि अंग आपोआप हलणं

फिट, आकडी, फेफरं, मिरगी, झटके, लोक सगळं एकाच अर्थाने बोलतात पण अंग उडालं की फिटच असं काही नसतं. फिट म्हणजे मेंदूतल्या खूप पेशी एकाच वेळी बेताल करंट सोडायला लागतात, त्यात माणसाची शुद्ध जाते नाहीतर नुसता एक हात उडतो, कधी तर काहीच न उडता माणूस टक लावून बघत बसतो. डोळा लवणं, उचकी, झोप लागता लागता पाय दचकणं, पोटरीत गोळा येणं हे फिटमध्ये मोडत नाही, जागरण, जास्त कॉफी, दमणूक एवढंच कारण असतं बऱ्याचदा.

लहान मुलांत नेहमीचं कारण ताप, वय साधारण 6 महिने ते 5 वर्षं. डोळे वर जातात, हातपाय ताठ होऊन उडायला लागतात, ओठ निळसर पडतात, बघणाऱ्याची पाचावर धारण बसते आणि दोन-तीन मिनिटांत सगळं थांबून पोर गाढ झोपतं. यातल्या बहुतेक मुलांना पुढे एपिलेप्सी, म्हणजे पुन्हा पुन्हा फिट येण्याचा आजार, होत नाही.

मोठ्यांत कारणं पुष्कळ. इन्सुलिन घेतलं आणि जेवण राहिलं की शुगर घसरते, सोडियम कमी होतं, डोक्याला जुना मार, स्ट्रोक, गाठ, मेंदूज्वर, मेंदूत गेलेल्या टेपवर्म या जंताच्या अळ्या. रोज पिणाऱ्याने दारू एकदम सोडली तर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, हे घरच्यांच्या लक्षातच येत नाही, उलट सोडली म्हणून सगळे खुश असतात. गरोदरपणात 20 आठवड्यांनंतर बीपी वाढून येणारी फिट वेगळीच आणि धोक्याची. आणि ज्याला आधीच एपिलेप्सी आहे त्याचं कारण बऱ्याचदा साधं, गोळी चुकली किंवा आता बरंय म्हणून स्वतःच बंद केली.

चक्कर येऊन पडतानाही हातपाय उडतात, पण तो माणूस काही सेकंदांत भानावर येतो, फिटनंतर मात्र बराच वेळ गोंधळलेला असतो. कंपाचं, म्हणजे हात थरथरण्याचं, अजून वेगळं, पार्किन्सन या मेंदूच्या आजारात हात मांडीवर निवांत असताना कापतो, दुसऱ्या एका कंपात कप उचलला की. थायरॉइड वाढलं तरी हात थरथरतात. उलटी थांबवायच्या मेटोक्लोप्रमाइड या औषधाने कधीकधी मान वाकडी होते, तरुणांत जास्त.

फिट चालू असताना तोंडात चमचा वगैरे काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, 5 मिनिटांवर गेली तर सरळ हॉस्पिटल. दुसऱ्या कुणाला मोबाइलवर शूट करायला सांगा, ईईजी (मेंदूतल्या करंटची तपासणी) नंतर नॉर्मलही येतो, तेव्हा डॉक्टरला तो व्हिडिओच जास्त कामाला येतो.