विहिरीत डोकावता येतं, बोअरमध्ये नाही

आमच्या लातूरकडं उन्हाळ्यात रात्री बोअरची गाडी सुरू झाली, की नुसत्या आवाजावरून लोक ओळखतात कुणाच्या रानात चाललंय ते. दोनशे फूट, चारशे, सहाशे. बऱ्याचदा वर येतो तो फक्त फुफाटा. सकाळी बांधावर मात्र ठरलेलं वाक्य: "त्यानं मारला, मग आपणच कामून मागं ऱ्हायचं?"

या एका वाक्यावर सामाजिक मानसशास्त्रात ढीगभर संशोधन झालंय. एकेकट्याला शहाणपणाची वाटणारी गोष्ट सगळ्यांनी केली की सगळेच बुडतात, अशा स्थितीला सामाजिक पेच म्हणतात. पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली गायरानाचा दाखला दिला: प्रत्येक जण एकेक जनावर वाढवत जातो आणि शेवटी गवतच उरत नाही. उपाय काय, तर सक्ती किंवा खासगी मालकी. हे वाचताना माणूस मुळातच हावरा आहे असं वाटायला लागतं. मला ते अर्धंच पटतं. बांधावरचं ते वाक्य पुन्हा ऐका. त्यात हाव कमी आणि धास्ती जास्त आहे.

एर्न्स्ट फेर आणि सिमॉन गेश्टर या अर्थशास्त्रज्ञांचा 2000 सालचा प्रयोग मी रुपयांत मांडतो. चार जण, प्रत्येकाकडं 20 रुपये. सामाईक डब्यात टाकलेल्या रुपयाचे 1 रुपया 60 पैसे होतात आणि ते चौघांत सारखे वाटले जातात. सगळ्यांनी सगळे टाकले तर प्रत्येकाला 32 रुपये. पण तिघांनी टाकले आणि एकानं खिशातच ठेवले, तर त्या एकाला 44 आणि बाकीच्यांना 24. अशा खेळात सुरुवातीला लोक साधारण निम्मे पैसे टाकतात. म्हणजे पहिल्या डावात माणूस बरा असतो! डाव वाढतील तसा मात्र डबा रिकामा होत जातो.

का, याचा अंदाज 2001 सालच्या दुसऱ्या एका प्रयोगातून येतो. त्यात काहीही न देता फायदा घेणारे साधारण एक तृतीयांश निघाले. निम्मे लोक 'इतर देतील तर मीही देईन' या जातीचे होते. हे निम्मे वाईट नसतात. आपण फसतोय असं वाटलं की ते हात आखडता घेतात, आणि त्यांचा आखडलेला हात पाहून शेजारचा.

आता हे आमच्या जमिनीत आणा. खाली काळा पाषाण, बेसॉल्ट. पाणी मुरतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि भेगांना बांध ठाऊक नसतो. शेजाऱ्याच्या खोल बोअरनं माझी विहीर आटू शकते. जुन्या सामाईक विहिरीवर चार भावांचे चार हिस्से असायचे, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. भांडणं तिथंही व्हायची, भाऊबंदकी हा शब्द उगाच नाही आला. पण पाळी मोडलेली दिसायची. पाणी किती पायऱ्या खाली गेलं हे काठावरूनच कळायचं. आणि पाणी चोरणाऱ्याच्या रानात पुढच्या पेरणीला सावडीला, म्हणजे आळीपाळीनं एकमेकांच्या कामाला, कोण जाणार? बोअरचं तोंड वीतभर. आत किती उरलंय ते मालकालाही कळत नाही, मग शेजाऱ्याचं काय सांगावं.

सावड तोडणं ही एक शिक्षाच. फेर-गेश्टर यांच्या खेळात स्वतःचे पैसे खर्चून चुकाराला दंड करायची मुभा दिली, तेव्हा डबा पुन्हा भरू लागला. पण 2008 साली 16 शहरांत हाच खेळ झाला, तेव्हा काही ठिकाणी भरपूर देणाऱ्यांनाच दंड बसला. आमच्याकडं याला "लई शहाणा लागून गेला" म्हणतात.

पेच विकोपाला गेला की काय होतं ते लातूरनं 2016 साली पाहिलं. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण त्यांचा पीएचडीचा विषय आमच्या जवळचा होता: लॉस एंजलिसजवळच्या वेस्ट बेसिनमधलं भूजल. तिथं उपसा इतका झाला की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत शिरू लागलं. लोक कोर्टात गेले, कोण किती उपसतो ते मोजलं गेलं, आणि वाटाघाटीतून कपातीचा करार झाला. त्यातली एक अट मला फार आवडते: एकूण पाणीहक्कांपैकी 80 टक्के हक्क असणाऱ्यांच्या सह्या होईपर्यंत करार लागूच होणार नव्हता. सही करणाऱ्याला एकट्यानंच मागं राहायची भीती नाही.

अर्थात तिथं उपशाचा हिशेब कागदावर होता. आमच्या शिवारात बोअर किती, हे पारावर बसलेल्या पाच जणांना विचारून बघा. पाच आकडे ऐकू येतील, आणि प्रत्येकानं आपला नवा बोअर त्यातून वगळलेला असेल.