मंचसंगीताचा संगणक

मंचसंगीताचा संगणक : श्रोत्यांसमोर चालू असलेल्या कार्यक्रमात वाद्यांचे स्वर निर्माण करण्यासाठी, आधी तयार केलेले ट्रॅक वाजवण्यासाठी किंवा गायकाच्या आवाजावर जागच्या जागी परिणाम चढवण्यासाठी वापरला जाणारा संगणक. बहुधा हा लॅपटॉपच असतो. घरी ध्वनिमुद्रणाला उत्तम चालणारा संगणक मंचावर तसाच चालेल असे नाही. मुद्रणात चुकलेली जागा पुन्हा घेता येते, मंचावर ती सोय नसते. त्यामुळे त्याचा टिकाऊपणा पाहताना पहिला प्रश्न असतो आवाज तुटतो का हा. कवच किती भक्कम आहे, हा नंतरचा.

१९८३ मध्ये मिडी हे मानक आले आणि वाद्ये व संगणक एकमेकांशी जोडता येऊ लागले. १९८५ च्या अटारी एसटी या संगणकाला तर मिडीची जोडणी कारखान्यातूनच होती. तेव्हा संगणक फक्त कोणता सूर कधी वाजवायचा ते सांगे. नाद उमटे तो बाहेरच्या सिंथेसायझरमधून. पुढे नादच संगणकात तयार होऊ लागला. २००१ मध्ये एबलटन लाइव्ह आणि २००७ मध्ये ॲपलचे मेनस्टेज ही मंचाचा विचार करून घडवलेली सॉफ्टवेअर आली, आणि वादकाचे सगळे वाद्यच लॅपटॉपवर विसंबू लागले.

संगणक आवाज सलग काढत नाही. तो लहान लहान तुकड्यांत तयार करून साउंडकार्डकडे देतो. सेकंदाला ४८,००० नमुने (आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापे) आणि एका तुकड्यात (याला बफर म्हणतात) १२८ नमुने धरले, तर प्रत्येक तुकड्यासाठी सुमारे २.७ मिलिसेकंद मिळतात. दोन तासांच्या कार्यक्रमात असे २७ लाख तुकडे होतात. त्यांतला एक जरी वेळेत पोचला नाही, तरी स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येतो. बफर मोठा केला की धोका कमी होतो, पण पट्टी दाबणे आणि सूर ऐकू येणे यांत अंतर पडते. १,०२४ नमुन्यांना ते २१ मिलिसेकंदांच्या वर जाते. पियानोवर द्रुत लयीत वाजवणाऱ्याची बोटे तिथे अडखळतात. नुसते ट्रॅक वाजवणाऱ्याला मात्र तेवढा बफर खुशाल चालतो. आपण या दोहोंपैकी काय करणार आहोत हे ठरवल्याशिवाय संगणक घेऊ नये.

म्हणूनच प्रोसेसरचा जाहिरातीतला कमाल वेग इथे फसवा ठरतो. तो वेग थोडा वेळच टिकतो. यंत्र तापले की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी मंदावतो. ॲपल आपल्या मॅकबुकसाठी वापराचे तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस सांगते. मे महिन्यात विदर्भातल्या उघड्या मैदानावर दुपारी साउंडचेक चालतो तेव्हा सावलीतच पारा चाळिशीच्या वर असतो, आणि लॅपटॉप तर अनेकदा उन्हात, काळ्या केसवर, बुडाची जाळी झाकून ठेवलेला दिसतो. जाळीखाली दोन बोटे मोकळी जागा आणि वर साधी छत्री एवढ्यानेही मोठा फरक पडतो. पंखा नसलेल्या लॅपटॉपमध्ये मंडपातली धूळ आणि मिरवणुकीतला गुलाल ओढला जात नाही, पण सततच्या भाराखाली तो लवकर मंदावतो. जड सॅम्पल (खऱ्या वाद्यांचे मुद्रित सूर) वापरणाऱ्याने पंखेवालाच घ्यावा आणि तो वेळोवेळी साफ करून घ्यावा.

साठवणीसाठी फिरती हार्डडिस्क मंचावर नको. सबवूफरच्या हादऱ्यांनी तिचे वाचन अडखळू शकते. चिपवर साठवणाऱ्या एसएसडीत फिरणारा भागच नसतो, म्हणून ती घ्यावी. मेमरी १६ जीबी तरी असावी, मोठे सॅम्पल-संच असतील तर ३२. ‘मिल-एसटीडी-८१०’ ही अमेरिकी लष्करी मानकाची मोहोर धक्का, धूळ, दमटपणा यांच्या चाचण्यांशी संबंधित असते. त्यांतल्या नेमक्या कोणत्या केल्या ते वाचून घ्यावे. आवाज अखंड राहील याची हमी त्यात मुळीच नाही.

प्रत्यक्षात दगा देते ती बहुधा जोडणी. यूएसबीची पिन माइकच्या एक्सएलआर पिनेसारखी खटका लागून बसत नाही. कुणाचा पाय वायरीत अडकला की निसटते, वारंवार ओढली गेली की सॉकेट ढिले होते. म्हणून केबलीला लॅपटॉपजवळ एक सैल वळसा देऊन ती स्टँडला बांधतात: ओढ बसली तर गाठीवर बसते, सॉकेटवर नाही. दोनहून अधिक यूएसबी सॉकेट असलेले यंत्र त्यासाठीच सोयीचे, मध्ये हब (एका सॉकेटची अनेक करणारी डबी) घालावा लागत नाही. चार्जर लावताच स्पीकरमधून घूं घूं येऊ लागले, तर दोष बहुधा अर्थिंगचा असतो. मिक्सर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर घ्यावेत, मध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (लॅपटॉपचा आवाज मिक्सरला जोडणारी डबी) लावावा. जनरेटरवरच्या कार्यक्रमात लॅपटॉपची बॅटरी ही मोठीच जमेची बाजू आहे, वीज गेली तरी प्रोग्रॅम बंद पडत नाही; मात्र विंडोजचे बरेच लॅपटॉप बॅटरीवर जाताच वेग कमी करतात, तेव्हा ते घरीच पाहून ठेवावे.

यंत्र एकदा नीट बसले की कार्यक्रमांच्या मोसमात अपडेट घेऊ नये. मंचावर वाय-फाय व ब्लूटूथ बंद ठेवतात, कारण त्यांचे ड्रायव्हर आवाजाच्या कामात मध्येच घुसतात. ज्या सॉफ्टवेअरला परवाना तपासायला इंटरनेट लागते, ते आदल्या दिवशी उघडून घ्यावे.

मोठ्या दौऱ्यांत दोन संगणक एकच ट्रॅक बरोबरीने वाजवत असतात आणि पहिला थांबला की स्विचर दुसऱ्याचा आवाज पुढे देतो. छोट्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डवादक आपल्या कीबोर्डच्या स्वतःच्या आवाजांची लीड मिक्सरच्या वेगळ्या चॅनलला देऊन ठेवतो. लॅपटॉप गोठलाच, तर साउंडवाला त्या चॅनलचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) वर घेतो आणि गाणे चालू राहते.