मल्टिपल स्क्लेरोसिस आणि परिघीय चेतारोग

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मेंदू, मेरुरज्जू आणि दृष्टिचेता यांचा आजार आहे. शरीराची प्रतिकारयंत्रणाच चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण कुरतडते. हातापायांत पसरलेल्या परिघीय चेतांनाही मायलिन असते, पण ते श्वान पेशी घडवतात. मेंदू व मेरुरज्जूतले मायलिन ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींचे असते. दोन्हींतली काही प्रथिने सामाईक, तर काही वेगळी असतात. म्हणूनच एमएसमध्ये परिघीय चेता सहसा वाचतात.

तरीही काही रुग्णांत एमएस आणि परिघीय चेतारोग, म्हणजे परिघीय चेतांचा बिघाड, सोबत दिसतात आणि तेथे निदान चकवते. मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा ही तक्रार दोन्हींत सारखीच, त्यामुळे एकदा एमएसचे नाव लागले की पुढचे प्रत्येक लक्षण त्याच्याच खाती जमा होते. खरा सुगावा प्रतिक्षिप्त क्रियांत मिळतो. एमएसमध्ये गुडघ्याचा झटका बहुधा तीव्र होतो, परिघीय चेतारोगात तो मंदावतो किंवा नाहीसा होतो. एमएसच्या रुग्णाच्या घोट्याचा झटका मिळेनासा झाला, तर चेतावहन चाचणी, म्हणजे चेतेतून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी, करायलाच हवी. एमआरआयने मेंदूतले डाग दिसतात, पायाच्या चेतेचा वेग कळत नाही.

अनेकदा कारण साधे असते: मधुमेह, किंवा कुबडी व चाकाच्या खुर्चीमुळे मनगटाजवळ वा कोपरापाशी दबलेली चेता. एमएसवरच्या टेरिफ्लुनोमाइड या औषधानेही परिघीय चेतांना इजा होऊ शकते. ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता तर मेरुरज्जू आणि परिघीय चेता दोन्ही बिघडवते. एमएसचा शिक्का मारण्याआधी ती तपासणे हा स्वस्तातला शहाणपणा.

क्वचित प्रतिकारयंत्रणा दोन्ही मायलिनांवर एकदम उठते. या प्रकाराला संयुक्त केंद्रीय-परिघीय मायलिनक्षय म्हणतात. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी अशा काही रुग्णांत न्यूरोफॅसिन-१५५ विरुद्धची प्रतिपिंडे नोंदवली. हे प्रथिन दोन्हीकडच्या मायलिनमध्ये, रॅन्व्हिएच्या गाठींलगत (मायलिनच्या दोन तुकड्यांमधल्या उघड्या फटींपाशी) असते, त्यामुळे एकच प्रतिपिंड दोन्ही ठिकाणी वार करू शकते. मात्र सर्वच रुग्णांत ही प्रतिपिंडे सापडत नाहीत. हा एमएसचाच प्रकार की स्वतंत्र आजार, यावर वाद आहे.

उपचारांच्या दृष्टीने हा वाद केवळ नावापुरता नाही. न्यूरोफॅसिन-१५५ प्रतिपिंडे असलेल्यांना शिरेतून दिलेल्या इम्युनोग्लोब्युलिनचा (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांचा) फारसा गुण येत नाही. प्रतिकारयंत्रणेच्या बी पेशी कमी करणारे रिटुक्सिमॅब हे औषध बऱ्याच जणांना लागू पडते. इंटरफेरॉन-बीटा हे एमएसमधले जुने औषध, पण ते घेताना परिघीय मायलिनचा दाह उद्भवल्याची उदाहरणे आहेत.