अमरत्वाची आकांक्षा

अमरत्वाची आकांक्षा : आपण मरणार हे पक्के ठाऊक असूनही आपण संपू नये, ही माणसाच्या मनातली मूलभूत ओढ. आत्मा अमर आहे की नाही, हा प्रश्न वेगळा. त्याचे उत्तर होय किंवा नाही असे देता येते; ओढ मात्र उत्तराची वाट न पाहता असतेच. श्रद्धा आणि बुद्धी यांच्यातला झगडा येथे सर्वांत तीव्र होतो, कारण ही ओढ जे मागते त्याला बुद्धीजवळ पुरावा नाही आणि बुद्धी जे सांगते त्याने ओढ शमत नाही.

पतंजलीच्या योगसूत्रांत पाच क्लेशांपैकी शेवटचा क्लेश म्हणून 'अभिनिवेश', म्हणजे जगण्याला चिकटून राहण्याची ओढ, सांगितला आहे. तो 'विदुषोऽपि', म्हणजे विद्वानालाही चिकटलेला असतो, असे सूत्रातच म्हटले आहे. डच तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या 'एथिक्स'मध्ये (१६७७) हीच गोष्ट भूमितीच्या थाटात येते : प्रत्येक वस्तू आपल्या अस्तित्वात टिकून राहण्यासाठी धडपडते आणि ही धडपड हेच तिचे सार होय.

पण टिकायचे आहे ते नेमके कोणाला? या विषयाची खरी गाठ येथे आहे. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडताना संपत्तीची वाटणी करू लागतो, तेव्हा त्याची पत्नी मैत्रेयी विचारते, ज्याने मी अमर होणार नाही ते घेऊन मी काय करू? याज्ञवल्क्य तिला आत्म्याचे ज्ञान देतो. पाण्यात विरघळलेल्या मिठाच्या खड्याचा दाखला देतो आणि शेवटी म्हणतो, 'न प्रेत्य संज्ञास्ति', मेल्यावर जाणीव उरत नाही. त्यावर मैत्रेयी म्हणते की येथेच तुम्ही मला संभ्रमात टाकलेत. तो पुढे उलगडा करतो : जेथे दुसरे काही उरतच नाही, तेथे कोण कोणाला जाणणार? तत्त्व म्हणून हे उत्तर भक्कम आहे. तरीही मैत्रेयीचा गोंधळ अज्ञानातून आलेला वाटत नाही. मिठाला समुद्र व्हायचे असेलच असे कोणी गृहीत धरावे?

हीच तक्रार भक्तीने उघडपणे केली. 'न लगे मुक्ति धनसंपदा' म्हणणारे तुकोबा पुढे 'गर्भवासी सुखें घालावें आम्हांसी' असे मागतात. विलीन होण्यापेक्षा वेगळे राहून पुन्हा जन्म घेणे त्यांना पत्करते, कारण प्रेम करायला दोघे लागतात.

बुद्धीची बाजू जुनी आणि प्रामाणिक आहे. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या मते आपण असतो तेव्हा मृत्यू नसतो आणि मृत्यू येतो तेव्हा आपण नसतो. मग भीती कशाची? युक्तिवाद बिनतोड आहे, पण तो मृतावस्थेच्या भीतीला लागू पडतो, नाहीसे होण्याच्या दुःखाला नाही. प्लेटोच्या 'फीडो' या संवादात मरणाच्या दिवशी सॉक्रेटिस आत्म्याच्या अमरत्वाचे पुरावे एकामागून एक मांडतो, तरी अखेरीस असे मानणे ही पत्करण्याजोगी, सुंदर जोखीम आहे, असेच म्हणतो. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ मध्ये आत्म्याविषयीचे बुद्धिनिष्ठ पुरावे मोडीत काढले आणि १७८८ मध्ये अमरत्व नैतिक जीवनाचे गृहीतक म्हणून परत आणले. हा बदल तर्काने पूर्ण समजत नाही. त्यामागे मरायला तयार नसलेला माणूस दिसतो, असे स्पॅनिश विचारवंत मिगेल दे उनामुनो यांनी म्हटले.

या आकांक्षेला तत्त्वज्ञानाच्या केंद्रस्थानी आणले ते उनामुनोंनीच (१८६४–१९३६). सालामांका विद्यापीठात ते ग्रीकचे प्राध्यापक होते आणि पुढे कुलगुरू झाले. लहान मुलगा मेंदूच्या असाध्य आजाराने ग्रासलेला असताना १८९७ मध्ये त्यांच्यावर गाढ धार्मिक संकट कोसळले. तो मुलगा १९०२ मध्ये गेला. १९१३ च्या 'जीवनाची शोकात्म जाणीव' या ग्रंथात ते अमूर्त 'मानवा'ऐवजी हाडामांसाच्या माणसाविषयी बोलतात. कीर्ती, संतती, विश्वचैतन्यात विलय या सगळ्या सांत्वनांना ते नकार देतात, कारण त्यांत 'मी' उरत नाही. त्यांच्या मते बुद्धी सांत्वन देऊ शकत नाही आणि श्रद्धा बुद्धीला पटवू शकत नाही. दोघींची तडजोड न करता त्यांना झुंजत ठेवणे हेच त्यांना जगण्याचे बळ वाटते. फ्रेंच लेखक सेनांकूरच्या 'ओबरमान' या कादंबरीतला विचार ते आपलासा करतात : माणूस नश्वर असेलही, पण प्रतिकार करत मरू या, शून्यच वाट्याला येणार असेल तर तो अन्याय ठरेल असे जगू या.

त्यांच्या एका कथेतला (१९३१) खेड्यातला धर्मगुरू स्वतः परलोक मानू शकत नाही, पण गावाची श्रद्धा जपतो. सगळे गाव एका सुरात श्रद्धावचन म्हणते, तेव्हा देहाचे पुनरुत्थान आणि अनंत जीवन या शब्दांपाशी त्याचा आवाज गर्दीत विरून जातो. हा झगडा इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी दाखवला असेल.

१९७३ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी वेगळा आक्षेप घेतला : अनंत आयुष्य मिळाले तरी ते अखेर असह्य कंटाळ्याचे होईल, कारण माणसाला पुढे नेणाऱ्या इच्छा कधीतरी संपतात. आक्षेप वजनदार आहे. मात्र मरणाऱ्याची मागणी बहुधा अनंताची नसते. ती पुढच्या दिवसाची असते आणि त्या पुढच्या दिवशीही तशीच असते. उनामुनोंचा ग्रंथ कॅथलिक चर्चने १९५७ मध्ये निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातला. बुद्धिवाद्यांनाही तो मानवला नाही; इच्छेवरून अस्तित्व सिद्ध होत नाही, असे त्यांचे म्हणणे. उनामुनोंनी मात्र ते सिद्ध केल्याचा दावा केला नव्हता.